क्रम कोणी लावला?

बोकीलकाकांचा कशावरच विश्वास नाही, क्रमावर तर नाहीच नाही. अवधपुरीतल्या आमच्या गल्लीत भाजीवाल्याने "एक नंबर टमाटर!" अशी हाक दिली, की हे फाटकातून विचारणार, "एक नंबर? क्रम किसने लगाया, भैया?" माझी मुलगी वर्गात दुसरी आली तेव्हाही पेढा हातात धरून त्यांनी आधी हेच विचारलं. मग पेढा खाल्ला.

काकांची उभी हयात कारखान्यात तपासनीस म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर हट्टाने संख्याशास्त्राचं प्रोग्रॅमिंग शिकले. रोज संध्याकाळी व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसायचे, इकडेतिकडे बघायचे आणि एकच शब्द टाइप करायचे. मी जवळ गेलो की लॅपटॉप बंद. हा माणूस गल्लीतल्या सगळ्यांना शेरे देतोय, याबद्दल मला शंकाच उरली नव्हती. त्यांच्या फाटकासमोरून जाताना मी केस नीट करू लागलो होतो.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून परवा त्यांनीच मला बोलावलं.

"आलेख चढतोय. मला संशय येतोय. उद्या डॉक्टरांना दाखवायचाय."

स्क्रीनवर गल्लीतलं कोणीच नव्हतं. होत्या फक्त काकू. त्यांना विसरण्याचा आजार जडल्यापासूनची रोजची एक नोंद, आणि शब्द चारच: गप्प, बोलली, रागावली, हसली.

चूक लगेच सापडली. यातलं कमी काय आणि जास्त काय, हे काकांनी सांगितलंच नव्हतं. मग प्रोग्रॅमने आपला वर्णमालेप्रमाणे क्रम लावून टाकला होता. ग तळाला, ह वर. जगाला क्रम विचारणारे काका इथेच विचारायचं विसरले, याची मला गंमत वाटली. मी ऐटीत दुरुस्ती केली: रागावली सगळ्यात खाली, मग गप्प, बोलली आणि वर हसली.

"हा क्रम कोणी लावला?" काका म्हणाले.

"मी. का हो?"

"हसते ती कोणालाही. परक्याला तर हमखास. रागावते फक्त माझ्यावर, तेही ओळखलं तर. रागावली सगळ्यात वर घे. हसली तळाला."

मी क्रम बदलला. चढणारी रेघ खाली उतरत गेली. मला फार वाईट वाटलं, लाजही वाटली.

"आता पटतंय," काका म्हणाले.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. काकांकडे बघून गोड हसल्या. "बसा ना. हे येतीलच एवढ्यात."

"बसतो," काका म्हणाले, आणि त्यांनी आजचा शब्द टाइप केला.