कोपऱ्याचा ठराव

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत लहानथोरांसाठी चित्रकलेचा आणि मातीकामाचा क्लब काढावा, असं एक दिवस माझ्या मनात आलं. (चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली, शाळेत गेलो तो तिथल्या भिंती रंगवायलाच.) सात मुलं, दोन आज्या आणि आयटीतला बद्रीनाथ लगेच तयार झाले. अडलं ते जागेवर. पार्किंगचा मागचा कोपरा मी सेक्रेटरी रावसाहेबांकडे मागितला.

"तो रिकामा आहे ना," मी म्हणालो.

"रिकामा नाही, सोनबा. मोकळा ठेवलेला आहे. रविवारी दहाला खाली मीटिंग आहे. नाही म्हणायलासुद्धा मीटिंग लागते."

रविवारी पोरांसाठी माती आणायला मी सकाळीच कसब्यात कुंभाराकडे गेलो. इकडे आमच्या नातीनं, उत्कर्षानं, मीटिंगवर छाप पडावी म्हणून तिनं काढलेलं माझं चित्र त्या कोपऱ्यात खुर्चीवर मांडलं. शुभकार्य म्हणून झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली आणि मैत्रिणींना बोलवायला पळाली.

रावसाहेब खाली उतरले, त्यांनी हार पाहिला आणि मी गेलो! पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर चाळीस जणांनी हात जोडले. (माझ्या गुड मॉर्निंगला आजवर एकानंही उत्तर दिलेलं नाही.)

माझी बायको बायडाबाई 'अवो, जित्ता हाय माणूस' हे सांगायला धावत खाली आली. तेवढ्यात रावसाहेब गहिवरून म्हणाले, "सोनबांच्या स्मरणार्थ हा कोपरा कायमचा क्लबला द्यावा, असा ठराव मी मांडतो."

बायडाबाईनं उघडलेलं तोंड मिटलं आणि पदर डोळ्यांना लावला.

मी पोचलो तेव्हा सगळे माना खाली घालून उभे होते. मीही मातीचं पोतं खांद्यावर तसंच ठेवून मागं उभा राहिलो. (दुसऱ्याच्या दुःखाला मी नेहमी हजर असतो.) बायडाबाई डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती. मला वाटलं, डोळ्यात कचरा गेला.

दोन मिनिटं संपल्यावर शेजारच्या पायलला हळूच विचारलं, "पोरी, कोण गेलं गं?"

पायल अशी किंचाळली की चार गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले.

रावसाहेबांनी चष्मा पुसून मला नीट पाहिलं. "हे काय सोनबा? अजून सह्या व्हायच्या होत्या!"

"चुकलंच माझं," मी म्हणालो.

"पण सर, ठराव?" बद्रीनाथनं विचारलं.

"ठराव स्मरणार्थ होता. समोर उभ्या असलेल्या माणसाचं स्मरण करायची पद्धत नाही."

बायडाबाई कडाडली, "वाटंत जरा च्या पीत बसला असता तर काय बिघडलं असतं? हातात आल्याला कोपरा घालवला!"

"मग कागद फाडून टाकता?" मी रावसाहेबांना विचारलं.

"फाडायचा कशाला? फाइलला लावून ठेवतो. तारीख तेवढी नंतर बदलू."

तेव्हापासून क्लबातली पोरं मला रोज लिफ्टपाशी गाठतात. "आजोबा, तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत!" मी म्हणतो, आणि बिचाऱ्यांचे चेहरे पडतात.

काल बायडाबाईनंही विचारलं.