गोटूवर आलेलं बालंट

बुऱ्हाणपुरातला सर्वांत तल्लख गुप्तहेर म्हणजे मी, वामन. दुसरा कोणी असेल तर हे वाक्य मी मागे घेतो. नजरेला नजर भिडवून मी भल्याभल्यांकडून कबुली घेतली असती. पण नजर भिडवायचा मला संकोच वाटतो.

शेजारच्या आठ वर्षांच्या सायलीचा ताप उतरला आणि अंगावर पित्त उठू लागलं. ओठ सुजायचे, ओसरायचे, पुन्हा सुजायचे. तिचे वडील धर्मेंद्र, केळीचे बागायतदार. त्यांनी हे प्रकरण माझ्याकडे सोपवलं, म्हणजे ते बोलत होते आणि मी कुंपणापाशी उभा होतो.

पहिला संशय साबणावर. साबण बदलला, पित्त तसंच. मग घरामागच्या यंत्रमागांच्या धुळीवर. खिडक्या लावल्या, घरचे घामाघूम, पित्त तसंच. उरला सायलीचा बोका, गोटू. त्याचा चेहरा मुळातच अपराधी.

"उद्या चांदनी गावाले, हिच्या मावशीकडे सोडतो त्याले," धर्मेंद्र म्हणाले.

सायली रडून लालबुंद झाली. "हे आणखी एक लक्षण," मी म्हणालो.

सकाळी गोटू टोपलीत बंद. मी शेवटच्या तपासाला गेलो. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला केळी नेतात. सायलीसाठी अख्खी गल्ली केळी घेऊन आली होती. मी तर प्रत्येक तपासाला अर्धा डझन नेत असे.

"खा बेटा, ताकद येईल."

"नको आजोबा. खाल्लं की तोंड खाजते. मंग पित्त."

तिची आई प्रतिभा स्वयंपाकघरातून धावत आली. "एरवी तर तू केळ्याले हातही लावत नाहीस! मग आताच काहून खाल्ली? सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलंच नाही. सगळे म्हणे, खा."

"केळ्याची अ‍ॅलर्जी? माझ्या पोरीले?" धर्मेंद्र मटकन बसले. "काका, मंडीत कोणाले सांगू नका."

डॉक्टर तेजस्विनींनी सगळं ऐकून घेतलं आणि तपासलं. "केळी बंद. खाज सुटली तर हे औषध. पण श्वास लागला, घसा आवळला, तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखान्यात आणा. आणि हे मोठ्यांनाही होतं बरं का, कोणत्याही वयात."

घरी येताच सायलीनं टोपली उघडली.

"आजोबा, माफी मागा."

"कोणाची?"

"गोटूची."

मी खाली वाकून, हात जोडून मागितली. गोटूनं जांभई दिली आणि माझ्याकडे पाठ करून बसला. माझ्या तपासाबद्दल इतकं स्पष्ट मत आजवर कोणी दिलं नव्हतं.