यमुनाकाकूंचं ऊन

आमच्या सोसायटीत गाड्या लावायला जागा पुरत नाही, याला कारण यमुनाकाकू. सकाळी आठला त्यांची खुर्ची खाली येते आणि ऊन सरकेल तशी सरकत राहते. मध्ये कुणाची स्कूटर आली की ओरडतात, "भाऊ, माझं ऊन सोडा!"

पाळी गेल्यावर बायकांची हाडं झिजत जातात, हे काकूंना कळलं सत्तरीत, एक मणका दबल्यावर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उन्हात बसायला सांगितलं आणि हाडं सुधारेपर्यंत प्रवासाला मनाई केली. तेव्हापासून त्या आल्यागेल्याला बजावतात, "मी भुसभुशीत हाय. लांबून बोला."

गंमत म्हणजे पहिला महिनाभर काकू डोक्यावरून पदर आणि घोट्यापर्यंत लुगडं अशा थाटात ऊन खात होत्या. मी म्हणालो, "काकू, ऊन लुगड्याला लागतंय, हाडांना नाही."

"समोर गच्चीत आबा बसत्यात. गावच्या नात्यानं सासरं लागत्यात मला. उघड्या डोक्यानं बसू व्हय?"

हे सासरे काकूंपेक्षा चार वर्षांनी लहान. शेवटी आबांनीच आपली खुर्ची मागच्या बाजूला नेली. बिचारे अजून सावलीत बसतात.

मला वाटायचं, म्हातारीचा स्वतःवर फार जीव. तसं नव्हतं. गावाकडं, पाचोडला त्यांची थोरली बहीण, अक्का. खुब्याचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळलेली. तिकडून कुणी आलं की काकू आधी रस्त्यातले खड्डे विचारायच्या, मग अक्का. "ती हाय तवर मला पोचायचंय," एकदा म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

दीड वर्षानं डॉक्टर हो म्हणाले. मी माझ्या गाडीतून नेलं. काकू तीन उशांवर बसल्या होत्या. वाटेत सायकलवालेसुद्धा आम्हाला मागे टाकून गेले.

अक्का खाटेवर पडून होती. दाराकडं बघत बारीक आवाजात म्हणाली, "आलीस व्हय गं, यमे?"

अख्ख्या सोसायटीला दरडावणारी बाई उंबऱ्यातच थांबली. मग खाटेच्या कडेवर टेकली आणि अक्काचा हात दोन्ही हातांत धरून बसली. तासाभरानं मी घड्याळ दाखवलं. मान न वळवता म्हणाल्या, "थांब भाऊ. मला यमे म्हणणारं आता दुसरं कुणी नाय राह्यलं."

आणि अक्काच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "अजून एकडाव हाक मार की गं."