ड्वेनची श्रद्धा आणि तीस औषधं

मी वकील आहे आणि चांगला वकील आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून तुमचा गैरसमज व्हायला नको. ओहायोतल्या आमच्या गावात चाळीस वर्षं मी कुत्रा चावल्याचे, कुंपण सरकवल्याचे आणि पिऊन गाडी चालवल्याचे खटले लढवलेत. सदुसष्टाव्या वर्षी वाटायला लागतं, की आयुष्यात एक तरी खटला असा मिळावा ज्यात कुत्रा नसेल. २०२१च्या सप्टेंबरात तो स्वतःच्या पायांनी माझ्या ऑफिसात चालत आला. त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, "हा खटला थेट वॉशिंग्टनपर्यंत जाणार! नवा सूट शिवायला टाकतो." ती म्हणाली, "त्याआधी छपराची पन्हळ साफ कर, पानं तुंबलीत."

खटल्याचं नाव ड्वेन श्लेगल. गावच्या इस्पितळाचा बॉयलर हा माणूस एकवीस वर्षं सांभाळतो. त्याने माझ्या टेबलावर एक पत्र आपटलं. त्यात लिहिलं होतं, 'प्रिय सहकारी, ३१ ऑक्टोबरच्या आत कोरोनाची लस घ्या, अन्यथा आपली सेवा संपुष्टात येईल.'

"लस घ्यायची नाही?" मी विचारलं.

"लसीचं काही नाही हो वकीलसाहेब. हे 'प्रिय सहकारी' बघा! पाइप फुटला की हेच लोक 'ड्वेन, ड्वेन' करत तळघरात धावत येतात. तेव्हा बरं नाव आठवतं. आता नाही घेत, जा म्हणावं."

मला त्याचं मनापासून पटलं. पण डोकं फिरलं हे कायद्यात लस नाकारायचं कारण होत नाही. श्रद्धा होते. तेव्हा मी त्याला विचारलं की तू देव मानतोस का? तो म्हणाला, जानेवारीत बॉयलर पेटला नाही की मानतो.

एवढं भांडवल मला पुरेसं होतं. मी त्याला चर्चमध्ये पाठवलं, पाद्रीबाईंकडून पत्र आणायला. बाईंनी पत्र दिलं नाही. उलट निरोप पाठवला की ड्वेन इथे शेवटचा आला तो स्वतःच्या लग्नाला, आणि तेव्हाही उशिरा. मग मी इंटरनेटवरून तयार मजकूर उतरवून घेतला. ही लस ज्या पेशींवर तपासली, त्यांचं मूळ फार वर्षांपूर्वी पाडलेल्या एका गर्भात आहे, सबब ती माझ्या विवेकाला मान्य नाही, असा तो मजकूर होता. ड्वेनने तो तीनदा वाचला.

"हे मला वाटतं?"

"तुला वाटतं."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. तारीख घालू नकोस."

इस्पितळाने तो अर्ज फेटाळला, आम्ही कोर्टात गेलो, आणि न्यायाधीशांनी ड्वेनला काढून टाकण्याला तीन आठवड्यांची स्थगिती दिली! तेवढ्या अवधीत ठरायचं होतं ते एवढंच, की ड्वेनची श्रद्धा प्रामाणिक आहे की नाही. गावच्या पेपरात आमचा दोघांचा फोटो आला. त्यात ड्वेनचं नाव चुकलं होतं आणि माझं बरोबर होतं, म्हणून मी दहा प्रती घेतल्या.

आणि मग इस्पितळाच्या वकीलबाईंचं पत्र आलं. मिस टिल्डेन. इतकी सभ्य बाई मी कोर्टात पाहिलेली नाही, आणि ही काही स्तुती नव्हे. त्यांनी ड्वेनच्या श्रद्धेबद्दल आदर कळवला होता आणि सोबत तीस औषधांची यादी जोडली होती. म्हणे, याच पेशी ही औषधं तपासतानाही वापरल्या गेल्या आहेत. डोकेदुखी, पित्त, सर्दी, गुडघेदुखी, कोठा साफ होणं, सगळ्यांवरच्या रोजच्या गोळ्या त्यात होत्या. श्लेगलसाहेबांची श्रद्धा प्रामाणिक असेल, तर यांतलं एकही औषध ते घेत नाहीत आणि यापुढे घेणार नाहीत, असं त्यांनी शपथेवर लिहून द्यावं.

मी पोट धरून हसलो. "कर सही," मी ड्वेनला म्हटलं, "कोण बघायला येतंय?"

त्याने सही केली. मला वाटलं होतं, हा माणूस सही करेल आणि विसरून जाईल, जसं सगळं जग करतं. पण एकवीस वर्षं ज्याने दर तासाला वाफेचा दाब वहीत खरा खरा लिहिला, तो शपथेवर सही केलेला कागद विसरतोय कसला? त्याने यादी फ्रिजवर चिकटवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा, नोरीनचा मला फोन आला.

"वकीलसाहेब, तुम्ही याला काय करून ठेवलंय? सॉसेज खातो, वर आंबवलेला कोबी खातो, आणि मग छातीवर हात ठेवून स्वयंपाकघरात फेऱ्या मारतो. गोळी पुढे केली तर म्हणतो, क्रमांक तीन, चालणार नाही."

मी तिला समजावलं की हा स्वातंत्र्याचा लढा आहे. तिने विचारलं की मग ढेकर माझ्या घरात का. शेवटी मोह नको म्हणून मी स्वतः त्यांच्याकडे गेलो, औषधांचं कपाट खोक्यात रिकामं केलं आणि खोकं गाडीत टाकलं. मी निघताना ड्वेन अंगणापर्यंत आला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "क्रमांक एकोणीस तेवढं ठेवून जाता का?"

मी यादी बघितली. क्रमांक एकोणीस मूळव्याधीचं मलम होतं.

काय करणार? मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण खटला म्हणजे खटला. मी त्याला म्हटलं, "ड्वेन, इतिहास घडवताना थोडं सोसावं लागतं." तो म्हणाला, इतिहास बसून घडवायचा नसेल तर माझी हरकत नाही.

जबानीचा दिवस नोव्हेंबरातला होता. मिस टिल्डेनच्या ऑफिसात लांब टेबल, एका टोकाला कॅमेरा, शेजारी शब्दन् शब्द टिपून घेणारी लघुलेखिका. बाईंनी ड्वेनला बसायला सांगितलं. तो उभाच बरा आहे म्हणाला. बाईंनी आपुलकीने विचारलं की काही त्रास होतोय का. ड्वेनने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं, आणि ड्वेन शपथेवर खरं तेच बोलला. लघुलेखिकेने ते टिपून घेतलं. शब्दाचं स्पेलिंगही विचारून घेतलं.

पण माणूस टिकला हो! दोन तास बाई विचारत होत्या आणि हा उभ्या उभ्या उत्तरं देत होता. डोकं दुखलं तर काय करता? दुखू देतो. गुडघे? तेही. पित्त? पाणी पितो आणि बायकोची बोलणी खातो. बाईंची लेखणी थांबली. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच थोडा विश्वास दिसला. इतकी प्रामाणिक श्रद्धा त्यांनीसुद्धा पाहिली नसावी. मीसुद्धा पाहिली नव्हती, आणि ती तर मी इंटरनेटवरून उतरवली होती.

जेवणाच्या सुट्टीत मी समोरच्या हॉटेलात स्पॅगेटीवर खिम्याची तिखट चिली घेतली, वर चीज, वर कांदा. आनंदात दोनदा घेतली. ड्वेनने माझ्या आग्रहाखातर एकदा घेतली. सुट्टी संपली, कॅमेरा सुरू झाला, आणि दहा मिनिटांत माझ्या छातीत जाळ उठला. मी खिशातून गोळ्यांची नळी काढली, एक तोंडात टाकली आणि शेजारी नळी पुढे केली. चाळीस वर्षांची सवय आहे. कोर्टात शेजारी कोण आहे हे न बघता मी पित्ताची गोळी पुढे करतो. एकदा तर न्यायाधीशांना दिली होती.

ड्वेनने घेतली. चघळली. डोळे मिटले. तीन आठवड्यांत त्याच्या चेहऱ्यावर असं सुख मी पाहिलं नव्हतं.

कॅमेरा सुरूच होता.

"श्लेगलसाहेब," मिस टिल्डेन हळुवारपणे म्हणाल्या, "आत्ता आपण काय खाल्लंत?"

ड्वेनने डोळे उघडले. त्याला कळलं. पण शपथ ती शपथ.

"वकिलांनी दिलं ते," तो म्हणाला.

मी उठून हरकत घेतली. लघुलेखिकेने विचारलं, नेमकी कशाला? मला सांगता येईना. मी म्हटलं, सर्वसाधारण. तिने 'सर्वसाधारण हरकत' असं टिपलं.

बाईंनी यादीतला क्रमांक तीन मोठ्याने वाचून दाखवला, नियम होता म्हणून. मग कॅमेरा बंद केला आणि ड्वेनला म्हणाल्या की यातून तुमची नोकरी जावी असं इस्पितळाला मुळीच वाटत नाही. आज पाच वाजेपर्यंत पहिला डोस घेतल्याचा कागद आणलात, तर सोमवारी बॉयलर तुमचाच. घड्याळात सव्वाचार झाले होते.

गाडीत ड्वेन सीटवर गुडघे टेकून, सीटची पाठ धरून बसला होता. मी अपिलाचा विषय काढला. सिनसिनाटीला वरचं कोर्ट आहे, तिथे मुद्दा निराळा मांडता येईल, असं बरंच काही बोललो.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "थंडी सुरू झालीय. तो बॉयलर दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. वर माणसं आजारी पडलेली असतात. औषधाच्या दुकानाकडे वळा."

मला स्वतःची लाज वाटली. एवढ्या दिवसांत मी त्याला बॉयलरबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मी वळलो.

दुकानात लस टोचणारी मुलगी चुणचुणीत होती. तिने ड्वेनचं नाव घेतलं, अर्ज भरून घेतला, आणि मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही? नाव?"

"मी नुसता बरोबर आलोय."

"अहो, पासष्टच्या वरच्यांना तिसरा डोस आहे. नाव सांगा."

"राहू दे."

"थांबा थांबा," ती माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्ही फेन्स्टरमेकर ना? फेब्रुवारीत लसीच्या पहिल्या दिवशी बर्फात घडीची खुर्ची टाकून, पांघरूण घेऊन दारात बसला होतात! आम्ही दुकान उघडायच्या आधी दीड तास! आम्ही अजून हसतो त्यावर. दोन्ही डोस इथेच झालेत तुमचे, हे बघा, तारखांसकट."

ड्वेनने माझ्याकडे बघितलं. मी सुट्या खोकल्याच्या गोळ्यांकडे बघितलं. त्याने बाही वर केली, टोचून घेतली आणि कागद नीट घडी करून खिशात ठेवला. पाचला वीस मिनिटं कमी होती.

"मग यांनाही रांगेशिवाय इथेच टोचून टाकू का?" मुलीने विचारलं. "हे तुमच्याबरोबरच आहेत ना?"

"नाही," ड्वेन म्हणाला. "हे माझे वकील होते."

आणि इस्पितळाकडे तो चालत निघून गेला. मी तिसऱ्या डोसच्या रांगेत उभा राहिलो, माझ्या पुढे नऊ जण होते.