चौदा मोऱ्यांचा गुलाल

आष्ट्याच्या पेठेमागची गल्ली रविवारी ओढा उपसायची आणि मंगळवारी तो पुन्हा काळा पडायचा. काठ झाडलेला, गवत हिरवंगार आणि मधोमध पाणी असं, की तहानलेली म्हैससुद्धा वास घेऊन मागं फिरावी. पलटणीतून निवृत्त झालेले नाथाजी, म्हणजे गल्लीचे मेजर, दर रविवारी पंधरा घरांतली माणसं खोरं-पाटी घेऊन ओढ्यात उतरवत. सहा महिने झाले, ओढा काही शिस्तीत येत नव्हता.

मग मेजरांनी काठावर बसून विचार केला. गल्लीखालून नगरपालिकेची पावसाची गटार गेली होती. तिच्यातून आभाळातलं पाणी तेवढं ओढ्याला मिळायचं. मोरी-संडासाचं ज्यानं त्यानं आपल्या दारात जिरवायचं. पण चैत्राच्या उन्हात, ढगाचा ठिपका नसताना, गटारीच्या तोंडातून धार वाहत होती. कुणीतरी चोरून पाइप जोडला होता.

मेजरांच्या मते तो कुणीतरी म्हणजे रसूल गवंडी. गटारीच्या तोंडाशी त्याचं घर, आणि दिवाळीत त्यानं दारापुढं खोदकाम केलेलं मेजरांनी पाहिलेलं. रसूल बालपणीचा मैतर. तरी भर बैठकीत मेजरांनी त्याचं नाव घेतलं. रसूल एक अक्षर बोलला नाही. खोरं काठाला टेकवून घरी गेला, तो चार रविवार आलाच नाही. उपसताना मेजरांची मान शेजारच्या मोकळ्या जागेकडं आपोआप वळायची. आपलं खरं निघालं तर मैतर जाणार, खोटं निघालं तर माफी मागावी लागणार. आणि माफी मागायला पलटणीनं शिकवलंच नव्हतं.

पुराव्यासाठी त्यांनी गुलाल निवडला. सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्या, गल्लीतल्याच धैर्यशीलच्या माळ्यावर विजयासाठी आणलेलं पोतं तसंच शिवलेलं होतं. एकेका मोरीत गुलालाच्या पाण्याची बादली ओतायची, माणसांनी गटारीच्या तोंडाशी डोळे लावून बसायचं, आणि मध्ये साधं पाणी सोडून धार निवळू द्यायची.

सुरुवात अर्थातच रसूलच्या घरापासून झाली. तो कामावर गेला होता. त्याच्या बायकोनं, अकिलानं, आपल्या हातानं बादली ओतली. धार होती तशीच. दुसरी ओतली. तरी तशीच.

“उतार कमी आसंल,” मेजर म्हणाले.

“आसंल की. तवर तुमच्या मोरीत वता, भावजी,” अकिला म्हणाली. “तुमच्याकडं उतार चांगला हाय.”

हे न्यायाचंच होतं. मेजर बादली घेऊन घरी आले, तर दीपमालाबाईंनी आधी मोरीत भांडी असल्याचं सांगितलं, मग पाहुणे यायचे असल्याचं, आणि शेवटी आज मोरीत पाणी ओतायला वार चांगला नसल्याचं. मेजरांनी ओतलं. ते ओढ्यावर परत पोचायच्या आत तिकडून शिट्ट्या ऐकू आल्या. धार गुलाबी झाली होती.

मेजरांनी वळून पाहिलं, तर गर्दी पातळ झालेली. एकाला डेअरीत जायचं होतं, एकाची म्हैस सुटली होती, आणि धैर्यशीलला आपलं पोतं तातडीनं परत हवं होतं. मेजरांनी तीस वर्षं जवानांचे चेहरे वाचले होते. त्यांनी एकेकाला माघारी बोलावलं आणि घरोघरी बादली फिरवली. पंधरापैकी चौदा मोऱ्या ओढ्यात उतरल्या.

दुपारपर्यंत रंग खालच्या वस्तीला पोचला. धैर्यशीलनं फेरमोजणीचा अर्ज केलाय, एवढंच वस्तीला ठाऊक. गुलाबी ओढा बघून त्यांनी हलगी काढली, हार आणले आणि त्याला खांद्यावर घेतलं. खरं सांगावं तर स्वतःच्या मोरीचं सांगावं लागणार. म्हणून तो वर बसून हात जोडत राहिला. “ह्यात सगळ्या गल्लीचा वाटा हाय,” एवढंच म्हणाला.

संध्याकाळी दीपमालाबाईंनी कबूल केलं. मेजर सीमेवर असताना संडासाची टाकी तुंबली होती. त्यांनी रसूलच्या हातापाया पडून पाइप जोडून घेतला आणि कुणाला सांगू नका म्हणून वचन घेतलं. बाकीच्या तेरा घरांनीही तेच केलं होतं. वचनासकट.

मेजर रसूलच्या ओट्यावर जाऊन बसले.

“बैठकीत बोलला का न्हाईस?”

“वैनीला सबूद दिलावता. आन् एकाचं सांगितलं तर चौदांचं सांगाय लागलं आसतं.” रसूलनं दारापुढच्या जमिनीकडं बोट दाखवलं. “चुकलं ते माजंबी. ओढ्यात उतरलो की माजंच काम म्होरं वाहताना दिसायचं. म्हणून दिवाळीत माज्या दारात शोषखड्डा केला. तुला सांगायची छाती झाली न्हाई.”

माफीचा शब्द मेजरांच्या ओठांपर्यंत आला आणि तिथंच सावधान उभा राहिला. “उद्या कुदळ घिऊन ये,” ते म्हणाले. मग म्हणाले, “न्हाई. कुदळ माजी हाय. तू नुसता ये.”

सकाळी मेजर स्वतःच्या दारात कमरेइतके खोल गेले. रसूल काठावर बसून बोटानं जागा दाखवत होता. पाइप लागला. मेजरांनी सांध्यावर हातोडा घातला. एकदा, दोनदा, पाचदा. सांधा हलला नाही.

“लय पक्कं काम केलंयस रं.”

“मैतराचं घर,” रसूल म्हणाला. “कच्चं कसं करू?”

मेजरांनी सांध्यावरची माती बोटानं पुसली. मग पाइपाकडं बघूनच पुटपुटले, “चुकलं माजं.”

“कुणाला म्हणतोयस? पायपाला?”

“ऐकू आलं न्हवं? मग झालं.”

“आलं की.” रसूल खड्ड्यात उतरला आणि त्यानं मेजरांच्या हातातला हातोडा घेतला. “सरक. तुला तोडाय जमायचं न्हाई.”