ग्रंथपालबाईंनी उलटे चिन्ह सुलटे केले, त्या मोहिमेची हकिकत

थोरांच्या लढाया थोरांनी लिहविल्या. लहान लढायांस लेखक मिळत नाही, म्हणोन हा मजकूर लिहिला. जैसे घडले तैसे सांगितले, पदरचा मीठमसाला घातला नाही. घातलाच असेल तर चवीपुरता.

नगरवाचनालयाच्या तख्तावर ग्रंथपालबाई बहुत वर्षे कायम, आणि देवघेवीच्या खिडकीवर त्यांचे इतबारी चूपराव, ज्यांस बोलणाऱ्याकडे नुसते पाहून गप्प करण्याची विद्या अवगत. ऐशी दौलत सुखरूप चालली असता गनीम माजला. पुस्तके नेऊन परत न करणारे सभासद बेफाम जाहले. त्यांस एकेक स्मरणपत्र टंकता टंकता बाईंची बोटे वाकडी जाहली, आणि मग अध्यक्षसाहेबांनी फर्माविले की, येत्या सभेपर्यंत बंदोबस्त न जाहल्यास संगणकाचा कारभार बाहेरच्या कंपनीच्या हवाली होईल, आणि बाईंनी तळघरात जुन्या मासिकांचा अंमल पाहावा.

तळघराचे नाव ऐकताच बाईंच्या तळपायाची आग मस्तकास गेली. संगणकास हुकूम देण्याची विद्या, जीस लोक कोडिंग म्हणतात, ती खासा आपणच शिकावी ऐसा निश्चय केला, आणि साधनांचा शोध जारी जाहला. प्रथम एक जाडजूड ग्रंथ मागविला. त्याच्या प्रस्तावनेतच ‘हे तर आपणांस ठाऊकच आहे’ ऐसे होते, आणि बाईंस ते ठाऊक नव्हते, म्हणोन ती स्वारी वेशीवरूनच माघारी फिरली. मग चित्रफिती पाहिल्या. त्यांतील गुरुजी ऐसे भरधाव की बाई पेनाचे टोपण काढीत तो धडा समाप्त. अखेरीस बालविभागात एक पातळसे पुस्तक हाती लागले, ज्यात संगणकाच्या पडद्यावरचे कासव लिहिलेला हुकूम ऐकून चाले. मग बाईंनी तेथील बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीस टेकवून, रोज दुपारी मोर्चा धरिला आणि कासवास चौकोनात फिरविले.

कासव काबीज जाहल्यावर स्मरणपत्रांच्या किल्ल्यास वेढा घातला, म्हणजे ती संगणकाने आपोआप धाडावी ऐसे हुकूम लिहू लागल्या. परंतु संगणक हरेक हुकमावर तांबडी अक्षरे फेकी, आणि बाई हैराण जाहल्या. तेव्हा नणंदेकडे, जी याच कामावर नोकरीस होती, कुमक मागितली. नणंदेने फोनवर सर्व हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाली, “वहिनी, ओळीच्या शेवटी दोन टिंबं द्यायची राहिलीत.” लग्न होऊन घरात आल्यापासून नणंदेने काढलेली चूक बाईंनी प्रथमच मुकाट मान्य केली. टिंबे देताच तांबडी अक्षरे पळाली, आणि बाईंनी कळ दाबली.

पण घात जाहला. ‘मुदतीहून अधिक’ ऐसे चिन्ह लिहावयाचे, तेथे ‘मुदतीहून कमी’ पडले. ज्यांची मुदत अद्याप सरली नव्हती त्या पापभीरू लोकांच्या फोनांवर कडक पत्रे सुटली, आणि चुकार गनीम घरी सुखाने लोळत पडला.

दुसऱ्या सकाळी सज्जनांची फौज वाचनालयावर चालून आली. आघाडीस निवृत्त मुख्याध्यापिका, मागे दातांचे डॉक्टर, त्यामागे पावती फडकावीत एक आजोबा. चूपरावांनी नजर रोखली, परंतु कोणी गप्प होईना; हयातीत त्यांची ही पहिलीच शिकस्त. इतक्यात अध्यक्षसाहेबही दाखल जाहले, कारण पत्र त्यांसही गेले होते.

बाईंस तळघराचा जिना डोळ्यांपुढे दिसू लागला, तरी त्या पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, “चूक माझी आहे. चिन्ह उलटं पडलं. सगळे बसा, तुमच्यासमोरच सुलटं करते.”

सर्व बसले, आणि सज्जनच ते, पुस्तकांत रिकामे बसवेना, म्हणोन प्रत्येकाने एकेक उघडले. बाईंनी चिन्ह फिरविले आणि कळ दाबली. मग दालनात ऐशी शांतता पसरली की चूपरावांचे डोळे पाणावले. एकाचाही फोन वाजला नाही. अध्यक्षसाहेबांनी तर आपला दोनदा उलटून पाहिला.

दुपारपासून गनीम शरण येऊ लागला: कोणी पुस्तक भाजीच्या पिशवीत दडवून, कोणी ‘शेजाऱ्याचं आहे’ ऐशी लटकी सबब सांगून, आणि एक तर पायरीवर ठेवून पळाला. संध्याकाळी अध्यक्षसाहेबांनी कंपनीचा बेत रद्द केला, आणि मग बाईंस एकीकडे घेऊन हळूच म्हणाले, “बाई, आता तुम्हाला हे सगळं येतंच, तर आमच्या घरचा प्रिंटर महिनाभर बंद आहे. जरा बघाल का?”

बाईंनी पुसिले की, त्याचे बटण चालू आहे काय. साहेबांनी घरी फोन लाविला, बराच वेळ ऐकून घेतले, आणि टोपी सारखी केली.

येणेप्रमाणे ग्रंथपालबाईंनी एकाच दिवशी दोन गड सर केले. त्यांपैकी दुसऱ्यास कोडिंगचे एक अक्षरही खर्ची पडले नाही, हे इतिहासास दाखल असावे.