पावणं, उजेड सोडा

मंडईत सगळे बिनडागाची केळी निवडतात. आमचे शेजारी चौगुले मास्तर डागाळलेलीच मागून घेतात. वर फळवालीला सांगतात, "डाग म्हंजे काळ. काळ न्हाय तर चित्र न्हाय." ती बाई आता त्यांना लांबून पाहिलं तरी सडका माल पुढे करते.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर खिडकीशी पितळी परातीत फळं-फुलं मांडून त्यांचीच चित्रं काढत बसले. चिरलेलं डाळिंब म्हणजे संसार, गळालेली शेवंतीची पाकळी म्हणजे निरोप. आम्हाला भूक लागायची, त्यांना अर्थ लागायचा. खिडकीवरून कुणी गेलं की आतून आवाज यायचा, "पावणं, उजेड सोडा." वीस वर्षांपासूनचा शेजारी मी, पण मीही पावणाच.

मांडलेल्या वस्तूंच्या चित्राला स्टिल लाइफ म्हणतात. एकदा मास्तर काकूंना म्हणाले, "आज मोठं स्टिल लाइफ काढतोय." काकूंनी आपल्या लग्नातलं स्टीलचं ताट लखलखीत घासलं आणि परातीतली फळं त्यात मांडून ठेवली. मास्तर भडकले. "त्ये स्टील न्हवं गं. उचल आधी." ताट उचलता उचलता काकू म्हणाल्या, "जल्मभर फळं रंगवून काय उजेड पाडलासा?" हा किस्सा गल्लीभर मीच पसरवला. आता त्याची लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. पाठोपाठ मास्तरांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मास्तरांनी परात माळ्यावर टाकली आणि काकूंच्या ताटात फळं मांडली. "एवढं एक चित्र पुरं हुंदे. मग डोळं गेलं तरी चालतंय." ताटातल्या केळ्यांचा चिखल होतो, दुसरी केळी येतात, चित्र मात्र पुरं होत नाही.

परवा सकाळी गेलो, तर कॅनव्हासवर नुसता काळपट गोळा होता. मी मुद्दाम खिडकी आणि ताट यांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. ते ओरडतील म्हणून बराच वेळ थांबलो.

मास्तर ब्रश धरून समोर बघत होते.

"तिच्या ताटावर उजेड पडलाय न्हवं?"

"पडलाय की," मी म्हणालो, आणि बाजूला झालो.